गळणे आणि गाळणे

मराठीत ‘गळती’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. छपराला गळती लागते, नळाला लागते, केसांना लागते, निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या पक्षाला लागते आणि शाळेच्या पटालाही लागते. या सर्व ठिकाणी क्रियापद एकच आहे. कीड लागावी, दृष्ट लागावी, तशी गळती लागते. ती कोणी लावत नाही. मात्र याच शब्दाचा एक अर्थ देवळातला आहे. महादेवाच्या पिंडीवर टांगलेल्या, बुडाला बारीक छिद्र असलेल्या तांब्याच्या पात्रालाही आपण गळतीच म्हणतो. संस्कृतात तिला गलन्तिका म्हणतात. वैशाखातल्या उन्हात तुळशीवरही असे छिद्र पाडलेले भांडे टांगण्याचा प्रघात पुष्कळ घरांत होता. छिद्र तेच, थेंबही तोच. एके ठिकाणी आपण प्लंबर बोलावतो आणि दुसरीकडे हात जोडतो.

या शब्दाकडे आमचे लक्ष गेले ते व्याकरणामुळे नव्हे, कुंड्यांमुळे. आम्ही दोघांनी हयातभर मराठी शिकवले, ‘गळणे’ अकर्मक आणि ‘गाळणे’ सकर्मक हे फळ्यावर अनेकदा लिहिले, ‘पडणे-पाडणे’, ‘तरणे-तारणे’ यांच्या शेजारी ही जोडीही मांडली. पण एका कान्याने केवढा फरक पडतो हे आम्हांला कळले निवृत्तीनंतर, नवी पेठेतल्या घराच्या गॅलरीत, रिकाम्या बाटल्यांना भोके पाडता पाडता.

नवी पेठ ही सोलापूरची जुनी बाजारपेठ आहे. खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे अशी इथल्या कितीतरी इमारतींची रचना. आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. समोरची इमारत इतकी जवळ की त्यांच्या रेडिओवरच्या बातम्या आम्हांला आमच्या वाटाव्यात. अशा अरुंद गल्लीत सूर्य तिरका येतच नाही. तो वरून येतो, थोडा वेळ थांबतो आणि जातो. परिणामी गॅलरीच्या कठड्यापाशी, म्हणजे जिथे कुंडी ठेवणे सोयीचे, तिथे दिवसभर सावली. आणि छताजवळच्या पट्टीत, जिन्याच्या खिडकीबाहेरच्या छज्जावर, म्हणजे जिथे हात पोचत नाही तिथे, चांगले तीन-चार तास ऊन. ऊन जिथे, तिथे हात नाही, हा आमच्या घराचा भूगोल.

आमच्या आईंनी तो भूगोल फार पूर्वी ओळखला होता. झाडे त्यांनी उन्हाच्या सोयीने लावली, स्वतःच्या नव्हे. छज्जावर तीन डबे : मोगरा, गोकर्ण आणि पांढरी सदाफुली. गॅलरीच्या भिंतीत उंचावर ठोकलेल्या लोखंडी ब्रॅकेटांवर चार कुंड्या, त्यांत पानओवा आणि मनीप्लँट. अगदी पुढच्या कोपऱ्यात टांगलेल्या दोन टोपल्यांत ‘ऑफिस टाइम’ची बारीक, रंगीत फुले. एकूण नऊ. ऐंशी ओलांडेपर्यंत त्या स्टुलावर चढून, एका हाताने गज धरून, दुसऱ्या हातातल्या तांब्याने या नऊजणांना पाणी घालीत. त्या गेल्या आणि स्टूल आमच्या वाट्याला आले. पुढे डॉक्टरांनी आमच्यापैकी एकाच्या मणक्याचा आणि दुसरीच्या तोल जाण्याचा हवाला देऊन स्टुलावर चढायला मनाई केली. मग दोनच मार्ग उरले. नऊच्या नऊ कुंड्या कोणाला तरी देऊन टाकाव्यात, किंवा हाताची लांबी वाढवावी.

देऊन टाकण्याचा विचार काही दिवस गंभीरपणे चालला होता, आणि त्याचे कारण पाठदुखी एवढेच नव्हते. सोलापूरकराला नळाचे पाणी ही नेहमीच वाट पाहण्याची गोष्ट राहिली आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. शहराला पाणी येते ते तिथून, शंभरेक किलोमीटरच्या जलवाहिनीतून. शिवाय टाकळीहून, आणि इंग्रजी अमदानीत बांधलेल्या हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. तरीही तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी, हे वेळापत्रक इथल्या दोन पिढ्यांच्या हाडीमाशी खिळले. पाहुणे कधी बोलवायचे, चादरी कधी धुवायच्या, हे पंचांगाइतकेच पाण्याच्या पाळीवर ठरे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वेगाडी निघाली, ती आमच्याच जिल्ह्यातून, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने गेली. अशा मुलखात छज्जावरच्या मोगऱ्याला पाणी घालण्याचा हक्क आपल्याला आहे काय, हा प्रश्न नाटकी वाटला तरी खोटा नाही.

आईंनी त्याचे उत्तर कधी शब्दांत दिले नाही, वागण्यात दिले. नळाचे ताजे पाणी झाडाला घालणे त्यांच्या लेखी उधळपट्टी होती. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, डाळ निथळलेले पाणी एका पितळी पातेल्यात साठे आणि संध्याकाळी वर जाई. आम्ही त्या हिशेबाला आकडे जोडले. लहान कुंडीला उन्हाळ्यात दिवसाला अर्धा लिटर धरले, तर नऊ कुंड्यांना साडेचार लिटर. त्याच सुमारास इमारतीच्या खालच्या सामाईक नळाचा वॉशर गेला होता आणि सेकंदाला एक थेंब पडत होता. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे तासाला १८० मिलिलिटर, दिवसाला चार लिटरांहून थोडे अधिक. आमच्या सगळ्या बागेची तहान त्या एका वॉशरमधून वाहून जात होती, आणि तिच्याकडे पाहून कोणाला हक्काचा प्रश्न पडत नव्हता. वॉशर पाच मिनिटांत बदलून झाला. पण त्या गणिताने आमचा निर्णय केला : कुंड्या राहतील, आणि त्यांना पाणी मिळेल ते थेंबाच्या मापाने.

मराठीत पाण्याच्या क्रियापदांची मोठी श्रीमंती आहे. झाडाला पाणी घालतात, पिकाला देतात, गुरांना पाजतात, अंगणात शिंपडतात, आणि आशा संपली की एखाद्या गोष्टीवर पाणी सोडतात. यांतले प्रत्येक क्रियापद हाताची निराळी हालचाल गृहीत धरते. जिथे हातच पोचत नाही, तिथे यांपैकी एकही लागू पडत नाही. तिथे साधन लागते. संत सावता माळी आमच्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या अरणचे. त्यांच्या अभंगांत मळ्यातल्या भाजीपाल्याच्या शेजारी विहिरीतून पाणी ओढण्याची साधनेही देवाच्या नावाने येतात. मोटेला आणि दोरीला देवत्व द्यायला ती रोज हाताळावी लागते. आम्हांला तेवढा अधिकार नाही, पण साधनाविषयीची ती कृतज्ञता हळूहळू कळू लागली.

पहिले साधन ब्रॅकेटांवरच्या चार कुंड्यांसाठी. सॉसची मऊ प्लास्टिकची बाटली, गवंडी पाणसळ बघायला वापरतात तसल्या पारदर्शक नळीचा दोन मीटरचा उरलेला तुकडा, आणि पडद्याचा जुना दांडा. बाटलीच्या झाकणाला नळीच्या जाडीचे भोक पाडले, नळी आत तळापर्यंत सोडली, भोकाभोवती एम-सील लावले. नळी दांड्याला ठिकठिकाणी सुतळीने बांधली आणि वरच्या टोकाला मोडक्या छत्रीच्या मुठीचा बाक दिला, म्हणजे टोक कुंडीत खाली वळते. बाटली दाबली की पाणी नळीतून वर चढते आणि कुंडीत पडते. पाणी एक मीटर वर ढकलायला हवेच्या दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका दाब लागतो. तेवढा तळहातात असतो. दांडा हाताची लांबी वाढवतो हे उघड आहे. पण मूठ दाबल्यावर पाच फुटांवर माती भिजते हे प्रथम पाहताना आम्हां दोघांनाही लहान मुलांसारखा आनंद झाला, हे नमूद करायला हरकत नाही.

दुसरे साधन कोपऱ्यातल्या दोन टोपल्यांसाठी. तिथे हात झाडाकडे नेण्याऐवजी झाडच हाताकडे आणले. कपडे वाळत घालायच्या जुन्या काठीची कप्पी छताच्या कडीला लावली आणि टोपली दोरीवर घेतली. विहिरीचा रहाट उलटा केल्यासारखे हे आहे : तिथे पाणी वर येते, इथे तहान खाली येते. टोपली खाली आली की अर्ध्या लिटरची बाटली झाकणाला सुईचे छिद्र पाडून मातीत उलटी खोचायची. अशी बाटली पटकन रिकामी होईल असे वाटते, पण होत नाही. पाणी जसे उतरते तशी आतली हवा विरळ होते आणि पाण्याला मागे धरते. मातीतून एखादा बुडबुडा आत गेला की पुढचे थेंब सुटतात. दुपारी उन्हाने आतली हवा प्रसरण पावते आणि बाटली आपोआप थोडे अधिक पाणी सोडते. म्हणजे झाडाला ज्या वेळी जास्त लागते त्याच वेळी ती जास्त देते. ही हुशारी बाटलीची नाही, आमचीही नाही, हवेची आहे.

तिसरे साधन सोलापूरचे खास. चादर आणि टेरी टॉवेल या इथल्या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि जिथे टॉवेल विणले जातात तिथे कातरणही निघते. पूर्व भागातल्या एका कारखान्याबाहेर चिंध्यांची पोती भरणाऱ्या बाईंकडून आम्ही टॉवेलच्या काठाच्या पट्ट्या आणल्या. तेलुगू मिसळलेल्या मराठीत त्यांनी विचारले, “गादीत भरायला का, बाई?” वाती करायला म्हटल्यावर, “एवढ्या मोठ्या समईला?” असे म्हणून त्या हसल्या. वातीची उपमा अचूक होती. तेल ज्या तत्त्वाने ज्योतीपर्यंत चढते, त्याच तत्त्वाने सुती पट्टीतून पाणी मातीपर्यंत जाते. पाण्याचे भांडे कुंडीहून उंच असेल तर पट्टी भराभर पाणी उतरवते. भांडे बरोबरीला किंवा किंचित खाली असेल तर माती कोरडी पडेल तेवढेच ओढून घेते. पुण्याला मुलीकडे आठ दिवस जायचे असले की आम्ही दुसरी रीत वापरतो. सुती पट्टी काही महिन्यांत कुजते, हे तिचे वैगुण्य. पण पोतेभर कातरण ज्या गावात रोज निघते तिथे ते वैगुण्य मोजू नये.

चौथे साधन सर्वांत जुने. मातीचे, न भाजल्यासारखे वाटावे इतके सच्छिद्र मडके झाडाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि झाकावे. पाणी भिंतीतून पाझरते आणि मुळे मडक्याला बिलगतात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या चीनमधील एका शेतीविषयक ग्रंथात ही पद्धत सांगितलेली आहे, आणि आपल्याकडेही कोरडवाहू भागात नवी रोपे जगवायला ती वापरतात. आमच्या डब्यांना मडके मोठे झाले असते. ते काम सुगडांनी केले. संक्रांत झाली की पुजलेली सुगडी घराघरांत कपाटावर पडून राहतात. टाकवत नाहीत आणि कामाला येत नाहीत. छज्जावरचे तीन डबे खिडकीच्या पातळीच्या खाली आहेत. म्हणून गजांतून एक नळी खाली सोडली, तिचे टोक सुगडात, दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी नरसाळे. सुगडावर करवंटीचे झाकण. तिथे झाकण विसरून चालत नाही. डासाच्या अळ्यांना साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला जेमतेम आठवडा पुरतो, आणि डेंग्यूच्या दिवसांत ‘कोरडा दिवस’ पाळा असे सांगत फिरणारे कर्मचारी हेच समजावीत असतात.

हे सुगड मातीत बसवताना सिद्धरामेश्वरांची आठवण सोलापूरकराला न येणे कठीण. बाराव्या शतकातल्या या शिवशरणाने आणि वचनकाराने सोन्नलगीत शिष्यांसह तलाव खोदला अशी परंपरा आहे. शहराच्या मधोमध तो तलाव आजही आहे. त्यांच्याशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुज्ञा दिली. तोच प्रतीकात्मक विवाह दर संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या साक्षीने संमती कट्ट्यावर होतो. पाणी साठवणारा पुरुष आणि माती घडवणारी मुलगी, आणि त्यांच्यामध्ये एक काठी. कथेचा अर्थ लावणाऱ्यांनी वैराग्य आणि भक्ती यांबद्दल पुष्कळ लिहिले आहे. आम्हांला मात्र सुगडाला हात लावला की ती कथा आधी तलाव आणि मडके यांची वाटते : पाणी भरपूर असले तरी ते पाझरायला मातीच लागते.

आता अडचणीकडे येऊ. गळणाऱ्या पात्राचे सगळे जीवन त्याच्या छिद्रात असते, आणि छिद्राचा शत्रू मराठीला चांगला ठाऊक आहे. बळीराजा वामनाच्या हातावर उदक सोडू लागला तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले. वामनाने दर्भाची काडी घातली आणि त्यांचा डोळा गेला. दान अडवणाऱ्याला आपण आजही ‘झारीतला शुक्राचार्य’ म्हणतो. आमच्या बाटल्यांतला शुक्राचार्य म्हणजे क्षार. बोअरचे पाणी वापरले की आठ-पंधरा दिवसांत छिद्राच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, आणि थेंब आधी लांबतो, मग थांबतो. दर्भाच्या जागी आम्ही दाभण ठेवले आहे. आतल्या बाजूने हिरवे शेवाळ धरते ते निराळेच. उजेड आत गेला नाही तर ते वाढत नाही, म्हणून प्रत्येक बाटलीला जुन्या काळ्या कापडाची पिशवी चढवावी लागते.

क्षारांवरचा उपाय मात्र एका भांडणातून मिळाला. खालच्या दुकानदारांनी एके दिवशी वर निरोप पाठवला की तुमच्या कुंड्यांचे पाणी आमच्या ताडपत्रीवर गळते आणि बाहेर टांगलेल्या साड्यांना डाग पडतात. आम्ही खाली गेलो, उभे राहिलो, वर पाहिले. थेंब आमच्या छज्जाच्या दिशेने येत होता, पण छज्जा कोरडा होता. पाणी येत होते शेजारच्या एका कार्यालयाच्या एसीच्या नळीतून, आणि ते भिंतीवरून तिरके वाहत आमच्या कोपऱ्यातून खाली पडत होते. म्हणजे त्या थेंबाला कर्ता नव्हता. जो जवळ दिसला तो कर्ता ठरला. कार्यालयातल्या मंडळींना विचारून आम्ही ती नळी आमच्या गॅलरीतल्या कॅनमध्ये घेतली. एसीचे पाणी हवेतल्या बाष्पाचे असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. छिद्रे बुजत नाहीत. एप्रिलमध्ये सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा कॅन जेमतेम ओला होतो. जूनपासून मात्र तो भरू लागतो. दुकानदारांचा राग गेला. इतका गेला की त्यांनी दुकानातला पोऱ्या वर मदतीला पाठवायला सुरुवात केली. त्याच्याविषयी पुढे.

अशा उद्योगांना शाळेच्या प्रदर्शनांत ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतात. आमचा अनुभव या यमकाला फारसा अनुकूल नाही. पाण्याची पातळ बाटली सोलापूरच्या ४३-४४ अंशांच्या उन्हात एका मोसमात कडक होऊन तडकते. पट्टी कुजते, नळी पिवळी पडते, सुगड फुटते. टाकाऊ वस्तूला आम्ही फार तर आणखी एक वर्ष देतो. त्यानंतर ती भंगारातच जाते. भंगारवाल्याकडे आमचे येणेजाणे वाढल्यावर त्याने एकदा गंभीरपणे विचारले, “काय सर, माल द्यायला आलाव का न्यायला?” दोन्हीसाठी, असे उत्तर आम्ही दिले, आणि ते खरे होते.

शिवाय या कल्पकतेचे कौतुक करताना ती कोणाची आहे हे पाहावे. ठिबक सिंचनाची उगमकथाच एका गळतीची आहे. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात सिम्का ब्लास या जलअभियंत्याला गळक्या नळाजवळचे एक झाड इतरांहून फार वाढलेले दिसले. त्या निरीक्षणातून पुढे इस्रायलमध्ये ठिबकची तोटी घडली, आणि १९६५ मध्ये हात्झेरिम किबुत्झने तिचे उत्पादन करणारी नेताफिम ही कंपनी सुरू केली. आज सोलापूरच्या डाळिंबांच्या बागा, ज्यांच्यासाठी २००५ मध्ये इथे राष्ट्रीय संशोधन केंद्र झाले, ठिबकवर उभ्या आहेत. पण ज्याला संच परवडत नाही त्याचे काय? मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात २००९-१० च्या सुमारास एका आदिवासी शेतकऱ्याने सलाइनच्या टाकून दिलेल्या बाटल्या काठ्यांना टांगून वेलभाज्या जगवल्या. त्याचे ठिबक आणि आमचे ठिबक दिसायला सारखेच असेल. त्याच्या बाटलीत घराचे वर्षाचे उत्पन्न होते, आमच्या बाटलीत एक मोगरा आहे. दोहोंना एकाच शब्दाने ‘जुगाड’ म्हणून टाळी वाजवणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. सलाइनचा तो छोटा चाकाचा नियंत्रक आम्हांलाही मोहात पाडत होता, पण २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेले संच लाल पिशवीत जातात आणि तिथूनच त्यांची विल्हेवाट लागते. ते घरी आणू नयेत. मत्स्यालयाच्या हवेच्या नळीला असतो तो लहानसा प्लास्टिकचा कॉक तेच काम करतो.

त्या कॉकने सुगडाच्या नळीतला थेंब आम्ही दोन सेकंदांना एक असा बांधून घेतला. या वेगाने एक लिटर पाणी अकरा तास पुरते. सकाळी सातला भरलेली बाटली संध्याकाळी सहाला संपते, आणि आम्हांला घड्याळाकडे न पाहता दिवस कळतो. पूर्वी लग्नघरात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवीत. बुडाला छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती चोवीस मिनिटांत भरून बुडाली की एक घटका झाली. ‘घटका भरणे’ हा प्रयोग तिथला. म्हणजे मोजून पाडलेले छिद्र आपल्या परंपरेत देवालाही चालते आणि काळालाही. बिनमोजलेल्या छिद्राचीच तेवढी भीती बाळगायची.

इथे व्याकरणाकडे परत यावे लागते. ‘पाणी गळते’ या वाक्यात पाणीच कर्ता आहे. कोणी भोक पाडले, कोणी बुजवले नाही, कोणाचा वॉशर गेला, हे वाक्य विचारू देत नाही. ‘आम्ही पाणी गाळतो’ असे म्हटले की कोणीतरी जबाबदार उभा राहतो. घाम गाळणारा, अश्रू गाळणारा, चहा गाळणारा, मजकुरातला शब्द गाळणारा, हे सगळे ओळखता येतात. पिंडीवरच्या गळतीचे पावित्र्य बहुधा याच ठिकाणी आहे. तिचे छिद्र कोणी तरी मोजून पाडलेले असते, ती रोज कोणी तरी भरतो, आणि ती रिकामी राहिली तर कोणाची चूक हे देवळात सर्वांना ठाऊक असते.

हा फरक आम्हांला इतका लागून राहण्याचे कारण शाळा. दर वर्षी वरिष्ठांकडे पाठवायच्या तक्त्यात ‘गळतीचे प्रमाण’ असा एक रकाना असे. आमच्या वर्गातल्या ज्या मुली आईबरोबर विड्या वळायला बसत आणि आठवीनंतर येईनाशा होत, जी मुले कांड्या भरायला यंत्रमागावर जात, ती त्या रकान्यात एका टक्केवारीत मावत. मुले गळाली, असे तो रकाना म्हणे. अकर्मक. तिथे कर्ता लिहायला जागाच नव्हती. आणि लिहायचे ठरवले असते तर गिरण्या बंद पडण्यापासून दुपारच्या पाण्याच्या पाळीपर्यंत पुष्कळ काही लिहावे लागले असते. पाण्याची पाळी आली की घरातली मोठी मुलगी शाळेत येत नसे, हे आम्ही हजेरीपटावर वर्षानुवर्षे पाहिले आहे.

मूल म्हणजे रोपटे आणि शिक्षक म्हणजे माळी हे रूपक आम्ही निबंधांतून इतक्यांदा तपासले आहे की आता ते आम्हांला सहन होत नाही. मूल रोपटे नसते. ते स्वतःहून चालत येते, प्रश्न विचारते आणि आपल्याहून चांगला बाक काढते. दुकानातला तो मुलगा सतरा वर्षांचा आहे. नववीनंतर शाळा सुटली. पहिल्याच दिवशी त्याने आमचा दांडा हातात घेतला, छत्रीची मूठ काढून टाकली आणि तिच्या जागी वायरिंगच्या पाइपचा काटकोनी तुकडा बसवला. “काका, मुठीत नळी दबते, पाणी अडतंय,” एवढेच म्हणाला. तेव्हापासून प्रवाह दुप्पट झाला आहे. दुसऱ्या आठवड्यात त्याने जिन्यात उभ्या उभ्या विचारले, “काकू, दहावी बाहेरून देता येते म्हणतात, ते सतरा नंबरचं काय असतं?”

सतरा नंबरचा अर्ज म्हणजे शाळेत न जाता, खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याची नोंदणी. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो त्याच्याकडे होता, एका चादरीच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. अर्ज भरून झाला आहे. मराठी आमच्याकडे, गणित समोरच्या इमारतीतल्या एका निवृत्त बँकवाल्यांकडे. भूमितीत तो कच्चा आहे आणि व्याकरणात त्याहून. पास होईल की नाही हे आज सांगता येत नाही, आणि लेखाच्या सोयीसाठी सांगूही नये.

गेल्या आठवड्यात प्रयोजक क्रियापदे चालू होती. त्याने वहीत उदाहरणे लिहिली : बसणे-बसवणे, करणे-करवणे, पडणे-पाडणे. चौथी जोडी आम्ही सांगायच्या आत त्यानेच लिहिली, आणि वही बंद करून बाटली भरायला उठला, कारण सहा वाजत आले होते आणि सकाळची बाटली संपली होती.